बोटांपर्यंतचे रक्त

अर्धशिशीचा त्रास मला एम.एस्सी.च्या वर्षांपासून आहे. मध्यंतरी तो इतका वाढला की दर आठवड्याला एखादा दिवस पडदे ओढून अंथरुणातच काढावा लागे, तेव्हा मज्जाविकारतज्ज्ञांनी मला प्रोप्रॅनोलॉल ही गोळी ४० मिलिग्रॅमच्या मात्रेत सकाळ-संध्याकाळ सुरू केली. हे औषध मुळात हृदयाची धडधड आणि रक्तदाब यांच्यासाठीचे असले, तरी अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी ते कित्येक वर्षांपासून वापरात आहे, आणि मलाही त्याचा उत्तम गुण आला. झटके विरळ झाले, आले तरी सौम्य येऊ लागले. त्याच वर्षी थंडी पडू लागली तशी माझी बोटे पांढरी पडायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मला किंवा घरात कोणालाही सुचण्याचे कारण नव्हते.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. दिवसभर हातात खडू असल्यामुळे बोटांचा पांढरेपणा कोणाच्या चटकन ध्यानात येत नाही. प्रयोगशाळेतले मामा एकदा म्हणाले, "मॅडम, हात धुऊन आलात ना? खडू तसाच राहिलाय." तो खडू नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटे मधल्या पेरापासून टोकापर्यंत पार पांढरी झाली होती, आणि पांढऱ्या व नेहमीच्या कातडीमधली सीमा पट्टी लावून रेघ ओढावी इतकी स्पष्ट होती. त्या भागाला स्पर्श कळत नव्हता. दहा-पंधरा मिनिटांनी तीच बोटे निळसर-जांभळी झाली, मग एकाएकी लालभडक झाली, आणि लाल होताना त्यांत अशी ठणक आणि झिणझिण्या सुरू झाल्या की हातातला व्हर्निअर कॅलिपर टेबलावर ठेवावा लागला. अंगठ्याला मात्र यातले काहीच झाले नाही, आणि पुढेही कधी झाले नाही.

निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आमच्याकडे हिवाळ्यात नित्याच्याच, तेव्हा थंडीत बोटे गारठली तर त्यात नवल ते काय, अशी सर्वांची समजूत होती. पण फ्रीजमधून दुधाची पिशवी काढताना, नळाखाली तांदूळ धुताना, एवढेच काय, ऐन मे महिन्यात उन्हातून परीक्षा विभागाच्या वातानुकूलित खोलीत शिरतानाही बोटे तशीच पांढरी पडू लागली, तेव्हा हवामानावर सगळे ढकलता येईना. सासूबाईंचे निदान ठरलेले होते : "अंगात रक्तच नाही तुझ्या. बीट खात जा, गूळ-शेंगदाणे खात जा." मी बीट खाल्ले आणि हिमोग्लोबिनही तपासून घेतले. ते १२.८ निघाले, म्हणजे रक्त पुरेसे होते; ते बोटांपर्यंत पोहोचत नव्हते. रक्त किती आहे आणि ते कुठे पोहोचते, हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत, हे मला त्यानंतरच्या काही महिन्यांत नीट कळले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी सवयीने बोटाला ऑक्सिमीटर लावला. पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या आडव्या रेघा आल्या. शेजारच्या बोटावरही तेच. अंगठ्यावर लावल्यावर मात्र ९८ हा आकडा लगेच उमटला. हे उपकरण बोटातून प्रकाश आरपार पाठवते आणि धमनीतल्या रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाशाचे शोषण किती बदलते, यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढते. ठोकाच पोहोचत नसेल, तर मोजण्यासारखे काही उरत नाही. डॉक्टरांनी दोन-तीनदा बोटे दाबून पाहिली आणि मला संधिवाततज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली. माझा एकही सांधा दुखत नव्हता, त्यामुळे ही चिठ्ठी घेऊन जाणे मला जरा चमत्कारिकच वाटले.

संधिवाततज्ज्ञांनी पहिली गोष्ट विचारली ती बोटे पांढरी असतानाचा फोटो मोबाइलमध्ये आहे का, ही. दवाखान्याच्या उबदार खोलीत बोटे बहुधा ठीकच दिसतात आणि बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून झटका आणून दाखवण्याची आता गरज मानली जात नाही. फोटो आणि रुग्णाने केलेले वर्णन पुरते. माझ्या फोटोत सीमारेषेसकट सर्व आले होते. या विकाराला रेनो हे नाव आहे, ते पॅरिसच्या मॉरिस रेनो या डॉक्टरांवरून; १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. बहुतेक बायकांमध्ये तो पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, त्यामागे दुसरा कोणताही रोग नसतो आणि त्याने बोटांचे कायमचे नुकसान होत नाही. पण चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला, तर मागे त्वचा कठीण करणारा स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस यांसारखा काही आजार दबा धरून आहे का, हे पाहावे लागते. मी त्रेचाळीस वर्षांची होते.

मग प्रश्नांची मालिका सुरू झाली. हातांत कंप आणणारी यंत्रे वापरता का? गिळताना त्रास होतो का? तोंड कोरडे पडते का? बोटांच्या टोकांना जखमा झाल्या होत्या का? तंबाखू, तपकीर, मिश्री?

"डॉक्टर, मी प्राध्यापिका आहे."

"प्राध्यापिकाही लावतात, मॅडम," ते शांतपणे म्हणाले आणि प्रश्न परत विचारला. मिश्रीतून हिरड्यांवाटे रक्तात जाणारे निकोटिन त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते आणि हा प्रश्न न विचारल्यामुळे हुकलेली निदाने त्यांनी पाहिली होती. सर्दीच्या गोळ्या घेता का, हेही त्यांनी विचारले, कारण आपल्याकडच्या अनेक मिश्र गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते, आणि चोंदलेले नाक मोकळे करण्याचा त्या औषधाचा मार्ग म्हणजे नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करणे हाच असतो. शेवटी मी रोजच्या गोळ्यांची यादी सांगितली. प्रोप्रॅनोलॉलच्या नावाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले, त्यात मी नंतर वाचनातून पुष्कळ भर घातली आहे, म्हणून ते माझ्या शब्दांत लिहिते.

हृदयातून निघालेल्या मोठ्या धमन्या फाटे फुटत फुटत बारीक होतात आणि अखेरीस मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी व्यासाच्या धमनिका होतात. या धमनिकांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी कड्यासारख्या गोल गुंडाळलेल्या असतात. त्या आवळल्या की आतली पोकळी अरुंद होते, सैल झाल्या की रुंद होते. त्यांच्याही पुढे केशवाहिन्या असतात, पण त्यांच्या भिंती एकेरी पेशींच्या असून त्यांत असे स्नायू नसतात. म्हणजे रक्त कोणत्या भागाला किती मिळावे, याचा निर्णय धमनिकांच्या पातळीवर होतो. आमच्या भागातल्या द्राक्षबागांना पाटाचे पाणी देताना विहिरीत पाणी किती आहे याइतकेच कोणते बारे उघडे आणि कोणते बंद यालाही महत्त्व असते, तसेच हे आहे. फरक इतकाच की शरीरात सगळी बारी एकाच वेळी पूर्ण उघडली, तर रक्तदाब कोसळेल, इतकी एकूण वाहिन्यांची धारणक्षमता उपलब्ध रक्तापेक्षा मोठी असते.

व्यासातला थोडासा बदल प्रवाहात किती मोठा बदल घडवतो, हे मला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. पदवीच्या मुलांकडून आम्ही द्रवाची विष्यंदिता, म्हणजे त्याचा दाटपणा, मोजण्याचा प्रयोग करून घेतो, त्यात काचेची केशनळी असते आणि तिच्या त्रिज्येचा चौथा घात सूत्रात येतो. त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. ती अवघी वीस टक्क्यांनी घटली, तरी प्रवाह ४१ टक्के उरतो. म्हणूनच त्या प्रयोगात त्रिज्या मोजताना झालेली बारीकशी चूक उत्तराचा पार विचका करते, आणि मुले दरवर्षी तिथेच फसतात. ज्यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते ते प्वाझय हे स्वतः पॅरिसमधले वैद्यकीचे पदवीधर होते आणि बारीक वाहिन्यांतून रक्त कसे वाहते या कुतूहलापोटीच त्यांनी १८४०च्या आसपास काचेच्या नळ्यांवर आपले प्रयोग केले होते, हे मात्र इतकी वर्षे तो प्रयोग शिकवूनही माझ्या वाचनात आले नव्हते. रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही आणि धमनिका काचेसारखी ताठ नसते, त्यामुळे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही; तरी कल मात्र तोच राहतो.

आता हे कडे आवळायचे की सैल सोडायचे, याचा हुकूम देणारे अनेक आहेत, आणि शरीराच्या प्रत्येक भागात त्यांतल्या वेगळ्याचा शब्द चालतो. मेंदूच्या वाहिन्या मुख्यतः रक्तदाब आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाहून स्वतःचा व्यास ठरवतात. स्नायू काम करू लागला की त्याच्याच कामातून तयार झालेली द्रव्ये त्याच्या धमनिका उघडतात. त्वचेवर मात्र, विशेषतः बोटांच्या टोकांवर, अनुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या चेतांच्या जाळ्याची, हुकमत असते. क्लोद बेर्नार यांनी १८५१च्या सुमारास सशाच्या मानेतली अनुकंपी चेता कापली, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि उबदार झाला होता. म्हणजे एरवी ती चेता वाहिन्यांना सतत थोडे आवळूनच ठेवत असते. त्वचेतून वाहणारे रक्त शरीराची उष्णता बाहेर टाकते. कडक उन्हाळ्यात त्वचेकडे मिनिटाला सहा-सात लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते, आणि थंडीत तेच जवळजवळ नगण्य होते. बोटांच्या टोकांत तर धमनिकांना शिरांशी थेट जोडणारे आडमार्ग असतात, ज्यांचे काम केवळ उष्णता सोडणे किंवा राखणे एवढेच आहे. थंडीत ते मिटणे हा दोष नव्हे. शरीर बोटांची ऊब खर्ची घालून छातीपोटाची ऊब राखते, आणि हा सौदा शहाणपणाचाच आहे. रेनोच्या रुग्णात हीच क्रिया प्रमाणाबाहेर होते. त्वचेच्या वाहिन्यांतील अल्फा-२सी नावाचे ग्राही, म्हणजे रासायनिक निरोप टिपणारे रेणू, एरवी पेशीच्या आत दडलेले असतात. थंडीत ते पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि अनुकंपी चेतांतून सुटणाऱ्या तितक्याच नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाला स्नायू कितीतरी जोराने आवळून प्रतिसाद देतात. रंगांचा क्रमही यावरून उलगडतो : धमनिका पूर्ण मिटल्या की पांढरा, अडकून पडलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत आला की निळा, आणि वाहिन्या उघडून रक्ताचा लोंढा आत आला की लाल.

प्रोप्रॅनोलॉलने यात काय केले? वाहिन्यांना सैल करणारे बीटा-२ ग्राही त्याने अडवले, त्यामुळे आवळणाऱ्या अल्फा ग्राहींना विरोध करणारे कोणी उरले नाही. शिवाय हृदयाचा उपसा थोडा कमी झाला की शरीर तो तोटा त्वचेकडचे रक्त कमी करून भरून काढते. कॉलेजच्या महाबळेश्वर सहलीत बर्फाचा गोळा धरल्यावर माझी दोन बोटे अशीच पांढरी झाली होती, हे मला त्या खोलीत बसल्यावर आठवले. अर्धशिशी असणाऱ्यांत रेनो अधिक आढळतो, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मूळची प्रवृत्ती माझीच होती आणि औषधाने ती उघड्यावर आणली होती. पण नुसत्या तर्कावर विसंबून चालणार नव्हते.

तपासणीतला सर्वांत कुतूहलाचा भाग म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. शरीरात इतरत्र केशवाहिन्या त्वचेला काटकोनात येतात, त्यामुळे वरून त्यांचे नुसते ठिपके दिसतात. नखाच्या कडेच्या घडीत मात्र त्या त्वचेला समांतर पसरलेल्या असल्याने त्यांचा आख्खा वळसा पाहता येतो. मला आधीच बजावले होते की नखांना रंग नको, कडेची कातडी कुरतडायची नाही आणि शक्यतो काही दिवस भांडी घासायची नाहीत, कारण साध्या खरचटण्यानेही तिथे रक्ताचे ठिपके दिसतात आणि ते रोगाचे वाटू शकतात. त्या दिवशी आधी वीसेक मिनिटे खोलीत नुसते बसवून ठेवले, हात खोलीच्या तापमानाला यावेत म्हणून. मग अनामिकेच्या नखाच्या मुळावर तेलाचा एक थेंब सोडून त्यावर संगणकाला जोडलेला छोटा सूक्ष्मदर्शक टेकवला. तेलामुळे कातडीच्या खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरत नाही आणि आतले दिसू लागते. सावळ्या कातडीत चित्र जरा पुसट येते, त्यामुळे तंत्रज्ञ बाईंना प्रकाश बराच वाढवावा लागला.

पडद्यावर उलट्या यू अक्षराच्या आकाराच्या लालसर तारांची एक ओळ दिसली. एक बाजू थोडी बारीक, ती रक्त आणणारी; दुसरी किंचित रुंद, ती परत नेणारी. भिंत दिसत नव्हती, दिसत होते ते आतले रक्त. विशालन वाढवल्यावर त्या ओळीत हालचाल दिसू लागली : तांबड्या पेशींची गर्दी पुढे सरकत होती, मध्येच एक फिकट पोकळी तिच्या मागोमाग जात होती, क्षणभर सगळे थबके आणि पुन्हा चालू लागे. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि केशवाहिनीही जवळपास तेवढीच, त्यामुळे पेशींना एकापाठोपाठ एकच, तीही स्वतःला दुमडून घेत जावे लागते. दर मिलिमीटरला सात किंवा अधिक वळसे असावेत, ते सारख्या आकाराचे आणि एका दिशेचे असावेत. स्क्लेरोडर्मात ते फुगून ५० मायक्रॉनहून रुंद होतात, मध्येच ओसाड पट्टे पडतात, रक्तस्रावाचे डाग दिसतात. माझी ओळ एकदोन वेडीवाकडी वळणे सोडली तर नीटनेटकी होती. ज्या धमनिका मिटत होत्या त्या या पडद्यावर दिसतच नव्हत्या. त्या आणखी मागे होत्या. दिसत होते ते इतकेच, की पाणी अडले तरी रोप अजून जिवंत आहे.

रक्तातली प्रतिपिंडांची एएनए चाचणीही नकारात्मक आली, थायरॉइड ठीक निघाले. निदान प्राथमिक रेनोचे झाले.

पुढचा निर्णय दोघा डॉक्टरांनी मिळून घ्यायचा होता, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला अवघड भाग तोच होता. एकाला माझ्या डोक्याची काळजी, दुसऱ्याला बोटांची. औषध मात्र दोन्हीकडे जाणारे. प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद करता येत नाही, कारण अडवून ठेवलेले ग्राही अचानक मोकळे झाले तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. म्हणून ते काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवले आणि डोक्यासाठी अल्प मात्रेतले ॲमिट्रिप्टिलिन सुरू केले. बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मात्र ते पूर्ण थांबले नाही, तेव्हा हिवाळ्यापुरती वाहिन्या रुंद करणारी गोळी घ्यायचे ठरले.

पहिली गोळी निफेडिपिनची होती. स्नायूची पेशी आवळली जाण्यासाठी तिच्यात कॅल्शियम शिरावे लागते आणि हे औषध त्याची वाट अडवते. गोळी घेतल्यावर तासाभरात चेहरा तापला, कान गरम झाले, बोटे खरोखरच गुलाबी आणि उबदार झाली, आणि त्यापाठोपाठ डोके ठणकू लागले. बोटांच्या धमनिका उघडायला पाठवलेल्या औषधाने वाटेत डोक्याच्याही उघडल्या होत्या. अशा डोकेदुखीची हकिकत जुनी आहे. सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांना ती होत असे. आठवडाभरात शरीराला सवय होई, रविवारच्या सुटीत सवय मोडे आणि सोमवारी डोके पुन्हा धरे. त्याच नायट्रोग्लिसरीनने हृदयशूळ थांबतो हे कळल्यावर ते औषध झाले, आणि आयुष्याच्या अखेरीस खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना डॉक्टरांनी तेच घ्यायला सांगितले. ते नेमके काय करते हे मात्र शंभर वर्षांनी उमगले. १९८०मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांच्या लक्षात आले की सशाच्या धमनीच्या पट्टीवर ॲसिटिलकोलीन हे चेतांचे निरोप पोहोचवणारे रसायन घातल्यावर ती कधी सैल होते आणि कधी आवळते, यातला फरक पट्टी कापताना तिचे आतले नाजूक अस्तर खरवडले गेले आहे की नाही, यावर अवलंबून आहे. अस्तर शाबूत असेल तरच ती सैल होते, म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून स्नायूला सैल करत असले पाहिजे. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला, आणि नायट्रोग्लिसरीनही शरीरात तोच पुरवते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल पारितोषिक त्याबद्दल मिळाले. उपकरण धड हाताळले गेले की नाही, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून निघालेला हा शोध मी आता दर वर्षी प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मुलांना सांगते.

निफेडिपिन बंद करून अम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅमवर आणले. त्याच जातीचे, पण सावकाश चढणारे आणि सावकाश उतरणारे, त्यामुळे डोके फारसे कुरकुरले नाही. मात्रा पाच मिलिग्रॅम केल्यावर संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली, पायमोज्याचा वण रात्रीपर्यंत जाईना. मूत्रपिंडाची तपासणी करायची का, अशी माझी धास्ती. डॉक्टरांनी सांगितले की हे औषध धमनिका रुंद करते, शिरा तितक्या करत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांत येणारा दाब वाढतो, पुढची वाट मात्र तेवढीच राहते आणि पाणी भिंतीतून बाहेर झिरपते. ही सूज शरीरात मीठ-पाणी साठल्याची नसल्याने लघवी वाढवणाऱ्या गोळीचा तिच्यावर विशेष उपयोग होत नाही. मात्रा पुन्हा अडीचवर आणली आणि सूज गेली. आणखी गरज पडलीच तर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राही चालते, असे ते म्हणाले. नायट्रिक ऑक्साइडचा निरोप पेशीत टिकवून धरणारे हे औषध आहे. ते घेण्याची वेळ आली नाही, आणि औषधांच्या दुकानात ते मागण्याचा प्रसंग टळला याचे मला बरे वाटले हे नाकारत नाही.

औषधाइतकाच फरक कपड्यांनी पडला, आणि तोही अपेक्षेच्या उलट जागी. मी आधी चांगले लोकरी हातमोजे घेतले होते, पण सकाळी सातच्या तासाला स्कूटरवरून जाताना मोज्यांच्या आतही बोटे पांढरी होत. डॉक्टरांनी छाती, मान आणि कान झाकायला सांगितले. साडीच्या आत पूर्ण बाह्यांचे थर्मल आणि कानांभोवती मफलर घेतल्यावर साध्या सुती मोज्यांतही बोटे टिकू लागली. त्वचेच्या वाहिन्या आवळण्याचा हुकूम मेंदू धडाच्या तापमानावरूनही देतो. धड उबदार असेल, तर बोटांची ऊब खर्ची घालण्याची त्याला निकड भासत नाही. झटका आलाच तर हात कढत पाण्यात बुडवायचे नाहीत, कारण बधिर बोटांना भाजल्याचे कळत नाही. कोमट पाणी किंवा काख पुरते. खांद्यातून हात जोराने गोल फिरवणे हाही उपाय आहे, रक्त बोटांकडे ढकलले जाते. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी तो करत असताना दोन विद्यार्थी आदराने बाजूला झाले.

डोक्याचे आणि बोटांचे भांडण मात्र मिटलेले नाही. अर्धशिशीच्या चढलेल्या झटक्यावर दिली जाणारी ट्रिप्टान जातीची औषधे वाहिन्या आवळतात, म्हणून माझ्या बाबतीत ती हात राखूनच द्यावी लागतात. अलीकडे आलेली नवी औषधे सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवतात. हा रेणू अर्धशिशीच्या वेदनेत भाग घेतो आणि तोच शरीरातला एक अत्यंत प्रभावी वाहिनी-विस्फारकही आहे, त्यामुळे त्याला अडवले तर डोके शांत होते आणि बोटांची अडचण वाढू शकते. अर्धशिशी म्हणजे डोक्यातल्या वाहिन्या फुगणे, असे पूर्वी मानत. आता तिचे मूळ चेतांमध्ये शोधतात आणि वाहिन्यांकडे दुय्यम भूमिका देतात. मला रुग्ण म्हणून एवढेच दिसते की दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचल्या तरच माझे नीट चालते, त्यामुळे आता एकच फाइल दोघांकडे जाते आणि तिच्या पहिल्या पानावर टाळायच्या औषधांची यादी चिकटवलेली आहे.

ती यादी गेल्या महिन्यात दाढ काढायला गेले तेव्हा दंतवैद्यांनाही दाखवली. बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा थोडे ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते. त्याने हिरडीतल्या वाहिन्या आकसतात, रक्त कमी जाते आणि बधिर करणारे औषध वाहून न जाता जागच्या जागी टिकते. त्यांनी संधिवाततज्ज्ञांना फोन लावून विचारले. जबड्यात एवढ्या मात्रेला हरकत नाही, बोटात मात्र असे इंजेक्शन कोणी देऊ लागले तर आधी विचारा, असे उत्तर आले. दाढ निघाली, रक्त फारसे गेले नाही, आणि खोलीतला एसी बंद करायला सांगितल्यामुळे बोटेही नेहमीच्या रंगाची राहिली.